आगमनकाळात आपण नेमकी कोणाची वाट पाहतो?

बावखल (धागाकर्ती)

नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचा उतारा) वाचले जाते, त्यात बाळ येशूचा, गव्हाणीचा किंवा बेथलेहेमचा उल्लेखही नसतो. उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात ज्या वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान असते, त्या वर्षी नोहाच्या काळातील खाण्यापिण्यात आणि लग्नकार्यात गुंतलेल्या बेसावध लोकांची आठवण करून दिली जाते. मार्कच्या वर्षी परगावी गेलेला घरधनी आणि त्याच्यासाठी जागा राहिलेला द्वारपाल समोर येतो, आणि लूकच्या वर्षी सूर्य, चंद्र, तारे यांतील चिन्हांविषयी व समुद्राच्या गर्जनेविषयी ऐकायला मिळते. बाहेर दुकानांतून नाताळची गाणी वाजत असताना आत वेदीवरून जगाच्या शेवटाविषयी बोलले जाते. ही विसंगती नसून या काळाचा गाभाच आहे, असे मला वाटते, आणि त्याविषयी येथे सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती. ३० नोव्हेंबर हा प्रेषित संत अंद्रिया यांचा सण. त्याला सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि नाताळच्या पूर्वसंध्येला संपतो. त्यात चार रविवार येतात. चर्चचे नवे उपासना वर्षही याच दिवशी सुरू होते. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, उपासना वर्षाचे जे नियम जाहीर झाले त्यांत या काळाचे दुहेरी स्वरूप स्पष्टपणे नोंदवलेले आहे: देवपुत्राच्या पहिल्या आगमनाचे स्मरण करणाऱ्या नाताळची ही तयारी आहे, आणि त्या स्मरणाच्या आधारे युगान्ती होणाऱ्या त्याच्या दुसऱ्या आगमनाकडे मन वळवण्याचाही हा काळ आहे. १६ डिसेंबरपर्यंत भर मुख्यतः दुसऱ्या आगमनावर असतो. १७ ते २४ डिसेंबर हे दिवस थेट ख्रिस्तजन्माच्या तयारीचे.

आपल्याकडे, निदान मी वसईत जे पाहते त्यावरून, यांतला १६ डिसेंबरपर्यंतचा, दुसऱ्या आगमनाचा भाग जवळजवळ पुसला गेला आहे. नोव्हेंबर संपता संपता आकाशकंदील लागतात, ख्रिस्तजन्माचा देखावा असलेल्या गोठ्यांच्या स्पर्धांची आखणी सुरू होते, कॅरोलचे सराव सुरू होतात, आणि मग चारही रविवार नाताळला किती दिवस उरले हे सांगणारे टप्पे होऊन बसतात. या उत्साहाला माझा विरोध नाही. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी जन्मलेल्या बाळाची वाट कोणीही खऱ्या अर्थाने पाहू शकत नाही. तो जन्म होऊन गेला आहे. जो येऊन गेला त्याची वाट पाहण्याचा अभिनय दरवर्षी करायचा असेल, तर आगमनकाळ ही एक गोड नाटिका ठरते. वाट पाहता येते ती येणाऱ्याचीच, आणि म्हणूनच पहिल्या रविवारची ती कठोर वाचने काढून टाकली तर या काळाचा कणाच निघून जातो.

बाराव्या शतकातील फ्रेंच मठवासी संत बर्नार्ड यांनी आपल्या आगमनकाळातील प्रवचनांत यापुढचे पाऊल टाकले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ख्रिस्ताची आगमने दोन नाहीत, तीन आहेत. पहिल्या वेळी तो देह धारण करून, दुर्बलतेत आला. शेवटी तो वैभवात येईल. आणि या दोहोंच्या मध्ये तो आत्म्याने आणि सामर्थ्याने, कोणाला दिसणार नाही अशा रीतीने, माणसाच्या अंतःकरणात येत असतो. हे मधले आगमन म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत नेणारा रस्ता आहे, असे ते म्हणतात. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे आठवण आणि आशा यांच्यामध्ये आजच्या दिवसाला जागा मिळते. आजचा दिवस निसटला, तर बेथलेहेम इतिहासात राहते आणि युगान्त भविष्यात, आणि आपण मात्र कोठेच नसतो.

इतिहासात हा काळ बराच कडक होता. पाचव्या शतकात तूर या फ्रेंच नगरीचे बिशप परपेत्युस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता. मिलानच्या अम्ब्रोसियन परंपरेत आगमनकाळ आजही सहा आठवड्यांचा असतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ४० दिवसांचा उपवास असतो, आणि केरळमधील सिरो-मलबार ख्रिस्ती लोक २५ दिवसांचा नाताळपूर्व उपवास पाळतात. लॅटिन परंपरेतील (म्हणजे आमच्या रोमन कॅथलिकांच्या) आजच्या धर्मनियमांत मात्र प्रायश्चित्ताचे दिवस म्हणून वर्षभरातील शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचा ४० दिवसांचा प्रायश्चित्तकाळ एवढ्यांचीच नोंद आहे. आगमनकाळ त्यात नाही. धर्मगुरूंचा झगा दोन्ही काळांत जांभळाच असतो आणि रविवारच्या मिस्सात (मुख्य उपासनेत) गौरवगीतही गायले जात नाही, पण प्रायश्चित्तकाळात थांबणारा ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष आगमनकाळात थांबत नाही. पश्चात्ताप आहे, परंतु तो येणाऱ्याच्या आनंदाने उजळलेला आहे, हे या एका तपशिलावरून कळते.

आता ज्या प्रसंगामुळे मला हा धागा काढावासा वाटला त्याकडे येते. तिसऱ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी झगा वापरण्याची प्रथा आहे, कारण तो आनंदाचा रविवार मानला जातो. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे संत पौलाचे फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रातील शब्द त्या दिवशीच्या मिस्साच्या आरंभी येतात. आणि मत्तयाच्या वर्षी याच रविवारी शुभवर्तमान कोणते असते? येशूची वाट तयार करायला आलेल्या, पण आता तुरुंगात पडलेल्या योहान बाप्तिस्त्याच्या शंकेचे. ज्याने यार्देनेच्या काठी उभे राहून, कुऱ्हाड झाडांच्या मुळाशी ठेवलेली आहे, असे गर्जून सांगितले होते, तोच योहान आता हेरोदाच्या कैदेतून आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो की, जे येणार आहेत ते आपणच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

येशू ‘होय’ असे म्हणत नाही. जे ऐकता आणि पाहता ते योहानाला जाऊन सांगा, असे तो म्हणतो: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात आणि गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. ही शब्दरचना यशया संदेष्ट्याच्या ३५व्या आणि ६१व्या अध्यायांची आठवण करून देणारी आहे. पण ६१व्या अध्यायातील एक वचन येशूच्या उत्तरात नाही, आणि ते म्हणजे बंदिवानांच्या सुटकेचे. तुरुंगात बसून उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाला ती गाळलेली जागा जाणवली नसेल असे मला वाटत नाही. तारणारा आला आहे, पण योहानाच्या कोठडीचे दार उघडणार नाही. हे उत्तर स्वीकारणे म्हणजे विश्वास, आणि चर्चने ते आनंदाच्या रविवारी वाचायला ठेवले आहे. आगमनकाळातील आनंद कोणत्या जातीचा आहे, हे याहून स्पष्टपणे सांगता येईल असे मला वाटत नाही.

लूकच्या वर्षी त्याच रविवारी योहानाला लोक विचारतात, ‘मग आम्ही काय करावे?’ त्याचे उत्तर अगदी व्यवहारातले आहे. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याला एकही नाही त्याला एक द्यावा. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायांनी कोणाला धाक दाखवून पैसे उकळू नयेत आणि आपल्या पगारात समाधान मानावे. तो कोणालाही घरदार सोडून अरण्यात बोलावत नाही. प्रभूची वाट तयार करणे म्हणजे आपापल्या धंद्यात आणि नोकरीत सरळ वागणे, हा अर्थ मला आजच्या महाराष्ट्रात, जेथे आपल्यापैकी कितीतरी जण सरकारी कचेऱ्यांत, बँकांत आणि स्वतःच्या व्यवसायात आहेत, अतिशय नेमका वाटतो.

आपल्या घरी, आपल्या धर्मग्रामात किंवा मंडळीत हा काळ कसा पाळला जातो, आणि दुसऱ्या आगमनाची ही बाजू कोठे जिवंत आहे का, हे जाणून घ्यायला आवडेल.

नगरी माणूस

बावखल, लेख अतिशय आवडला. मी प्रोटेस्टंट पार्श्वभूमीचा आहे, म्हणून वेगळ्या बाजूने काही मांडतो.

अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले. ते मिशनरी ज्या काँग्रिगेशनल परंपरेतून (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतून) आले, तिला चर्चच्या सणवारांच्या पंचांगाविषयी फारसे प्रेम नव्हते. जे पवित्र शास्त्रात सांगितलेले नाही ते मंडळीवर लादू नये, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे आमच्या जुन्या पिढीतील अनेकांना आगमनकाळ हा शब्द उपासनेत ऐकल्याचे आठवत नाही. डिसेंबर म्हणजे भजने, कीर्तने आणि येशूजन्माचे संदेश, एवढेच. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्या वर्षी ती तारीख आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आली होती. निरनिराळ्या परंपरांच्या लोकांनी नवी वाटचाल त्याच दिवशी सुरू केली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते. आता आमच्याकडे चार रविवारांची वाचने ठरलेली असतात आणि मेणबत्त्याही लावल्या जातात.

तरीही माझ्या मनात एक प्रश्न राहतो. रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात पौल म्हणतो की, कोणी एक दिवस दुसऱ्याहून अधिक मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो; प्रत्येकाने आपल्या मनाची पूर्ण खात्री करून घ्यावी. मग प्रभू कोणत्याही क्षणी येईल अशा अपेक्षेने वर्षभर जगणाऱ्याला या चार आठवड्यांची वेगळी गरज आहे का?

योहानाच्या कोठडीविषयी आपण लिहिले, त्याला जोडून विसाव्या शतकातील दोन कैद्यांची आठवण द्यावीशी वाटते. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डिट्रिच बोनहोफर बर्लिनच्या टेगेल तुरुंगात असताना नोव्हेंबर १९४३ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हणतात की, तुरुंगाची कोठडी ही आगमनकाळाशी चांगलीच जुळणारी आहे. माणूस वाट पाहतो, आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार बंद असते आणि ते फक्त बाहेरून उघडता येते. त्यानंतरच्या वर्षी याच तुरुंगात जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू आल्फ्रेड डेल्प यांनी बेड्या घातलेल्या हातांनी आगमनकाळावर चिंतन लिहिले. ८ डिसेंबर १९४४ रोजी, मरियेच्या सणादिवशी, त्यांनी तुरुंगातच आपली अंतिम व्रते घेतली, आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी नाझी राजवटीने त्यांना फाशी दिले. एप्रिलमध्ये बोनहोफर यांनाही. एक लुथरन आणि एक कॅथलिक. दोघांच्याही कोठडीचे दार त्यांना हवे तसे उघडले नाही, तरीही आगमनकाळावरचे त्यांचे लेखन आजही वाचले जाते.

मुळाक्षर

मी ख्रिस्ती नाही. परंतु हा धागा एका बैठकीत वाचला. एक जिज्ञासा विचारतो, त्यात कोणताही वाद घालण्याचा हेतू नाही.

वारकरी घरात वाढलेल्या मला प्रतीक्षेचे चित्र नेमके उलटे परिचित आहे. पंढरीचा देव पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर कमरेवर हात ठेवून उभा आहे, आणि वाट तो पाहतो आहे. चालत जायचे ते भक्ताने. आपल्या लेखात वाट पाहणारा माणूस आहे आणि येणारा देव. ख्रिस्ती विचारात देवाने माणसाची वाट पाहणे, असे काही आहे का? की माणसाने जागे राहायचे आणि देवाने अवचित यायचे, एवढेच?

बावखल (धागाकर्ती)

मुळाक्षर, आपल्या प्रश्नाने मला चांगलेच विचारात पाडले. असा विचार आमच्याकडे निश्चित आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात ख्रिस्त म्हणतो की, मी दाराशी उभा आहे आणि ठोकत आहे. कोणी माझी वाणी ऐकून दार उघडले तर मी आत येईन आणि त्याच्याबरोबर जेवेन. तेथे थांबलेला तोच आहे. शिवाय पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर दुसरे आगमन लांबले याचे कारणच हे दिले आहे की, प्रभू विलंब करत नाही, तो आपल्याविषयी धीर धरतो आहे, कारण कोणाचाही नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. म्हणजे माणूस देवाची वाट पाहतो तो सगळा काळ देवाने माणसाला दिलेली सवड असते. फरक असेल तर तो एवढाच की, ख्रिस्ती श्रद्धेनुसार पहिले पाऊल देवाचे आहे. मरियेच्या घरी देवदूत येतो तेव्हा ती काही शोधायला निघालेली नव्हती. पण तिच्या ‘होय’साठी देव थांबतो. संत बर्नार्ड यांनीच या क्षणाविषयी एका प्रवचनात म्हटले आहे की, सारे जग तिच्या उत्तराची वाट पाहत तिच्या पायांशी आहे. चौथ्या रविवारी, मार्कच्या वर्षी, हाच प्रसंग वाचला जातो.

नगरी माणूस, आपला प्रश्न रास्त आहे. सर्व दिवस सारखे मानून सतत जागा राहणारा माणूस मला भेटला तर मी त्याच्याकडून शिकेन. बहुतेकांना मात्र ठरवून दिलेल्या दिवसांचा आधार लागतो, कारण जे केव्हाही करता येते ते सहसा केले जात नाही. पौलाच्या वचनात सक्ती करू नका असे सांगितले आहे आणि ते मला मान्य आहे. दिवस मानणारा तो प्रभूसाठी मानतो, हेही तेथेच पुढे लिहिलेले आहे.

एल्बकाठ

हॅम्बुर्गमध्ये राहतो. मेणबत्त्यांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो, कारण हिरव्या डहाळ्यांचे ते वर्तुळ याच शहरातले आहे. योहान हिनरिक विखर्न या लुथरन पाळकांनी १८३३ साली येथे गरीब आणि निराधार मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ ही संस्था सुरू केली. नाताळ केव्हा येणार असे मुले सारखी विचारत, म्हणून १८३९ साली त्यांनी एक मोठे लाकडी चाक टांगून त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान तांबड्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. पुढे चार मेणबत्त्यांचे लहान रूप घराघरांत पोहोचले, आणि विसाव्या शतकात कॅथलिक चर्चनेही ते आपलेसे केले. जांभळ्या तीन आणि गुलाबी एक ही रंगसंगती झग्यांच्या रंगांवरून आली.

दिवस मोजणे आणि वाट पाहणे यांत बावखल यांनी जो फरक केला आहे, तो मला पटतो, पण विखर्न यांचे चाक दिवस मोजण्यासाठीच होते, हेही लक्षात घ्यावे. ज्या मुलांना आपले म्हणावे असे घर नव्हते, त्यांना उद्या आजच्यापेक्षा एक ज्योत अधिक असेल हे दिसत होते. मोजण्याने प्रत्येक वेळी वाट पाहणे उथळ होत नाही.

येथे आगमनकाळाच्या आदल्या रविवारी प्रोटेस्टंट चर्चमध्ये मृतांचे स्मरण केले जाते. अनेक शहरांत नाताळचे बाजार त्या रविवारनंतरच उघडण्याचा संकेत आहे. मृत्यूच्या स्मरणातून थेट आगमनकाळात शिरणे मला फार अर्थपूर्ण वाटते.

फुलोरा

बावखलताई, आपले म्हणणे समजले. पण एक बाजू राहिली आहे, ती मांडते. गोठा, करंज्या, केक, घराची रंगरंगोटी यांना आपण विरोध केलेला नाही, तरी लेखाचा सूर असा आहे की, ही कामे म्हणजे खऱ्या तयारीच्या वाटेतील अडथळा. डिसेंबरभर ज्या स्त्रिया नोकरी सांभाळून रात्री उशिरापर्यंत हे सगळे करतात, त्यांच्यासाठी वेगळे चिंतन करायला वेळ उरत नाही. त्यांनी हा काळ पाळला नाही, असे म्हणायचे का? मरियेचाच विचार केला, तर देवदूताच्या भेटीनंतर ती ध्यानाला बसली नाही. ती घाईघाईने डोंगराळ प्रदेशात अलीशिबेच्या घरी गेली आणि जवळजवळ तीन महिने तेथे राहिली. उतारवयात गरोदर असलेल्या नातेवाईक स्त्रीच्या घरी तीन महिने राहणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. तेथे घरकामच झाले असणार.

आमच्या वाडीत ज्या घरी त्या वर्षी कोणाचा मृत्यू झालेला असतो, तेथे नाताळला गोडधोड केले जात नाही. म्हणून शेजारी आपल्या घरातले ताट आधी तेथे पाठवतात. हे करणाऱ्या बायकांना संत बर्नार्ड माहीत नाहीत, पण मधले आगमन म्हणतात ते याहून वेगळे असेल असे मला वाटत नाही.

बावखल (धागाकर्ती)

फुलोरा, अलीशिबेच्या घरचे ते तीन महिने आपण येथे आणलेत याबद्दल मनापासून आभार. माझा आक्षेप कामाला नाही. माझा आक्षेप आहे तो आपल्या घराच्या उंबऱ्यातच संपणाऱ्या तयारीला. ताट शेजारी जाते त्या क्षणी योहानाच्या दोन अंगरख्यांचे वचन पाळले गेलेले असते. मात्र स्त्रियांना चिंतनाला वेळ उरत नाही, यावर उपाय त्यांचे श्रम हेच चिंतन आहे असे म्हणून थांबणे हा नव्हे. घरातील पुरुषांनी आणि मुलांनी ते श्रम वाटून घेणे हा आहे. धर्मग्रामातील आगमनकाळाच्या ध्यानसाधनेत हे स्पष्टपणे सांगितले गेले, तर मला फार बरे वाटेल.

साष्टीकर

गोव्यातील साष्टी तालुक्याचा आहे, म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचा उल्लेख करणे भाग आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली येथील राशोल येथे छापले गेले. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना ते परिचित आहे; पण त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक ‘आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे निरूपण’ अशा अर्थाचे होते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या निर्मितीपासून जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरूंत (म्हणजे अध्यायांत) येते, आणि ख्रिस्ताचे चरित्र दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरूंत. त्या काळी रविवारी आणि सणांना चर्चमध्ये जमलेल्या लोकांना ते वाचून दाखवले जाई. जो श्रोता पहिल्यापासून ऐकत असेल, त्याला आदामाचे पतन, अब्राहामाला दिलेले वचन, मिसरातील दास्य, राजे आणि संदेष्टे हे सगळे ऐकूनच जन्मकथेपर्यंत पोहोचावे लागे. मराठी भाषेतला हा सर्वांत मोठा आगमनकाळ आहे, असे मी म्हणेन. आपण मात्र आज जुना करार टाळून थेट गव्हाणीपाशी जाऊ पाहतो.

जुनी शिस्तही सांगतो. १९१७ च्या धर्मनियमसंहितेनुसार आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून नाताळच्या दिवसापर्यंत विवाहाचा समारंभपूर्वक आशीर्वाद दिला जात नसे. आजही आमच्याकडे अनेक कुटुंबे लग्ने नोव्हेंबरमध्ये उरकतात किंवा नाताळनंतर ठेवतात. मात्र ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त (सण) आणि ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचे फेस्त येत असल्याने आगमनकाळ आमच्याकडे शांत असा कधीच नसतो. मला त्यात वावगे वाटत नाही. झेवियर हे तर चीनच्या किनाऱ्यासमोरील शांगचुआन बेटावर, आत प्रवेश मिळण्याची वाट पाहत असताना, ३ डिसेंबर १५५२ रोजी मरण पावले.

अबोली

मी सहसा लिहीत नाही. या वर्षी आमच्या घरी ताट येणार आहे, फुलोरा यांनी लिहिले तसे.

धागा वाचून एवढेच सांगावेसे वाटले की, पहिल्या दोन आठवड्यांतील वाचने काढून टाकू नका. घरात दुःख असताना नाताळची गाणी कानांवर येणे कठीण जाते, आणि आपण इतरांच्या आनंदात विरजण घालतो आहोत, असे वाटत राहते. पण यशयाच्या अकराव्या अध्यायात तोडलेल्या झाडाच्या बुंध्याविषयी लिहिले आहे, आणि ४०वा अध्याय ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा’ या आज्ञेने सुरू होतो. ज्यांचे काही तुटले आहे त्यांच्यासाठीच ते लिहिले आहे, असे ऐकताना वाटते. मृतांच्या पुनरुत्थानाची आशा ज्या दिवसावर टेकलेली आहे, तो दिवस म्हणजेच हे दुसरे आगमन. इतकी वर्षे मला तो भाग भीतीचा वाटत असे. आता मी त्याचीच वाट पाहते.

एक विचारायचे होते. १७ डिसेंबरपासूनचे दिवस घरी पाळण्यासाठी काही सोपी प्रार्थना आहे का? चर्चमध्ये रोज जाणे सध्या जमणार नाही.

साष्टीकर

अबोली, आपल्या घरासाठी आजच्या प्रार्थनेत आठवण करतो.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी चर्चच्या सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताच्या आधी आणि नंतर एक छोटी ध्रुवपदासारखी प्रार्थना म्हटली जाते. या सात प्रार्थना फार जुन्या आहेत. प्रत्येकीत ख्रिस्ताला जुन्या करारातील एका नावाने हाक मारलेली आहे, आणि प्रत्येक प्रार्थना ‘ये’ या विनवणीकडे जाते. क्रमाने ती नावे अशी: हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या (दाविदाच्या पित्याच्या) मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उगवत्या प्रकाशा, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. १९ तारखेचे नाव आपण लिहिलेल्या त्या बुंध्याचेच आहे. २० तारखेच्या प्रार्थनेत, जी उघडते ती कोणी बंद करू शकत नाही अशी किल्ली म्हणून त्याला हाक मारून, अंधारात आणि मृत्युछायेत बसलेल्या बंदिवानाला तुरुंगातून बाहेर काढण्याची याचना आहे. योहानाला मिळालेल्या उत्तरात बावखल यांना जे वचन सापडले नाही, ते चर्च येथे मागते.

बावखल (धागाकर्ती)

साष्टीकर, हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता, मनःपूर्वक धन्यवाद.

अबोली, घरी करायचे असेल तर मराठी पवित्र शास्त्र पुरेसे आहे. अनुक्रमे यशया ११:२-३, निर्गम ३:१-६, यशया ११:१ व १०, यशया २२:२२, यशया ९:२, यशया ९:६-७ आणि यशया ७:१४ ही वचने त्या सात दिवसांना जुळतात. रोज संध्याकाळी त्या दिवसाचे वचन वाचावे, त्या नावाने प्रभूला हाक मारावी, आणि नंतर लूक १:४६-५५ मधील मरियेचे गीत म्हणावे. दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. आपण वसई परिसरात असाल तर मला येथे व्यक्तिगत संदेश पाठवा. एखाद्या संध्याकाळी प्रार्थनेला आपल्या घरी यायला मला आवडेल.